शेवटची गाडी

आमच्याकडे समुद्र नाही.
हतनूरला तापी अडवलेली आहे
आणि थंडीत पलीकडचा काठ दिसत नाही, एवढंच.
तरी पत्रकावर दरसाल निळी लाट छापतात
आणि लाटेवरून पळणारा एक माणूस,
ज्याला पोट नाही.

सावद्याहून धरणाच्या पाण्यापर्यंत, आणि परत.
एकवीस किलोमीटर. जानेवारीतला दुसरा रविवार.
माझं काम सगळ्यांच्या मागे.
एरवी टेम्पोत केळीचे घड असतात,
त्या दिवशी दोन बाकडी टाकतो
आणि थकतील त्यांना वेचत येतो.
पहिला गिअर. कधी कधी तोही जास्त होतो.

कोण जिंकतं ते मला विचारू नका.
नऊ वर्षांत एकही जिंकणारा मी पाहिलेला नाही.
मला पाठी माहीत आहेत.
फैजपूरच्या दातांच्या डॉक्टरची, डावीकडे कललेली.
कॉलेजच्या पोरांची, जी पाचव्या किलोमीटरला
काहीतरी आठवल्यासारखी एकदम लंगडतात.
निंभोऱ्याचे फेगडे सर गाडीत चढताना दरवेळी सांगतात,
"बूट नवा आहे हो, बूट."
मी म्हणतो, बसा. केळं खा.

आणि कमरुन तडवी.
पालच्या दवाखान्यात नर्स होती, आता रिटायर.
पंजाबी ड्रेसवर भावाचा स्वेटर,
पायात शाळेतल्या पोरांचे पांढरे बूट, खडूने रंगवलेले.
ती गाडीत बसत नाही.
पहिल्या साली मी हॉर्न दिला.
तिने मागे न बघता नुसता हात वर केला,
रात्रपाळीत वॉर्डातून हाक आली की करत असेल तसा:
थांब, येते.
त्यानंतर हॉर्न दिला नाही.

वळणाच्या खांबाशी ती दोन मिनिटं उभी राहते.
पाण्यावर बदकं. कुठल्या कुठल्या देशांतून येतात म्हणे,
त्यांना कुणी बिल्ला देत नाही.
"हे पाणी सुरतेला जातं ना?"
"जातं. उरलं तर."
"आणि पुढे?"
"पुढे समुद्र."
ती मान हलवते, थर्मामीटर बघितल्यासारखी,
आणि परत फिरते.
दरसाल हेच. मीही तेच उत्तर देतो.

यंदा गुडघा धरला होता तिचा.
केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर
एक ट्रॅक्टर आमच्या पुढे गेला, मग दूधवाला,
मग कापसाची गोणी सायकलवर घेऊन एक म्हातारा.
पाण्याची टेबलं उचललेली.
कुत्री कागदी पेले चाटत होती.
कुणा पोरानं विचारलं, "आजी, काही हरवलं काय?"
"नाही रे," ती म्हणाली, "यायचंय अजून."

चौकात पोचलो तर कमानीची हवा सोडलेली.
रस्त्याकडेला मेलेल्या म्हशीसारखी पडली होती
आणि दोन पोरं तिच्यावर लोळून
उरलेली हवा काढत होती.
फक्कीच्या रेघेवर भेळवाल्याने गाडी लावलेली.
ती थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.
"रेघ कुठंय रे भाऊ?"

घड आवळायचा दोर काढला.
एक टोक भेळगाडीच्या चाकाला,
दुसरं माझ्या हातात. दोर रस्त्यावर आडवा.
ती पळाली वगैरे नाही.
ओल्या फरशीवरून जावं तशी जपून पलीकडे गेली.
"किती वाजले?"
"अकरा चाळीस."
स्वेटरच्या खिशातून पेन काढलं,
गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर लिहिलं.

मग माझ्या हातातला दोर घेतला.
"आता तू ये."
"मी?"
"गाडी आण. शेवटचा पेशंट राहिला तर
रजिस्टर मिटत नाही."

पहिला गिअर.
पुढची चाकं गेली. मागची गेली.
भेळवाला कांदा चिरायचा थांबला होता.
तिने लिहिलं, अकरा एकेचाळीस,
आणि पूर्ण नाव विचारलं.
सुपडू लहानू सरोदे, मी सांगितलं,
आणि मला उगाच धाप लागली.